कोबीचं पाणी

रशिदाबाईंनी स्वतःला मागून कधी बघितलंच नव्हतं. आरशात तोंड दिसायचं, कानातली दिसायची, पदर सारखा केला की त्या अंगणवाडीच्या वाटेला लागायच्या. न्हावऱ्यात त्यांना ओळखत नाही असं घर नव्हतं. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून शाळेत गेली होती, आणि त्यातल्या काहींची पोरं आता पुन्हा त्यांच्याच पुढ्यात पाटीवर रेघोट्या मारत बसायची. अंगानं आपण भरलेल्या आहोत हे त्यांना ठाऊक होतं. पण भरलेलं असणं वेगळं आणि टीव्हीच्या पडद्यात न मावणं वेगळं, हे त्यांना यवतला कळलं.

यवतला त्यांची नणंद राबिया राहायची. हायवेच्या कडेला तिच्या नवऱ्याचं टायरचं दुकान होतं. दोन हजार साल उलटून गेलेलं, राबियाच्या दिराचं लग्न नुकतंच झालेलं, आणि लग्नाची कॅसेट बघायला सगळ्या पाहुण्यांना बोलावणं होतं. रशिदाबाई आणि त्यांचे मालक इनुसभाई चौफुल्यावरून मोटरसायकलवर पोचले, तेव्हा पुढच्या खोलीत चटया टाकून झाल्या होत्या आणि भाड्यानं आणलेला व्हीसीआर टीव्हीखाली स्टुलावर बसला होता.

शूटिंगवाल्यानं आपली सगळी कला ओतली होती. नवरा-नवरी बदामाच्या आकारात फिरत होती, वरून गुलाब पडत होते. सगळे खूश होते. मग जेवणाची पंगत आली. एक जांभळ्या साडीतली बाई पाठमोरी, जर्द्याची, म्हणजे गोड केशरी भाताची, परात घेऊन, कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात वाकली. पंगत दिसेना, मांडव दिसेना, नुसती जांभळी साडी.

रशिदाबाईंनाच पहिलं हसू आलं. "अगं बया, ही कोण? अख्खा पडदा भरून टाकला की हिनं."

 राबियाची सासू चटईची काडी ओढत बसली. आणि पडद्यावरची बाई परात सावरत मागं वळली. त्या रशिदाबाईच होत्या.

शेजारी इनुसभाईंनी चहाचा घोट घेतलेला होता, तो त्यांच्या नाकात गेला. ते बराच वेळ खोकत राहिले, पण तो खोकला नाही हे रशिदाबाईंना कळत होतं. मग खोलीत जो हशा उठला त्यात त्याही हसल्या. हसल्या खऱ्या, पण आत काहीतरी बोचलं ते बोचलंच.

राबिया त्यांना हळूच आतल्या खोलीत घेऊन गेली. ती आधीपेक्षा चांगलीच बारीक झाली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, आणि ती मुद्दाम हात वर करून त्या सरकवून दाखवत होती.

"भाभी, वाईट वाटून घेऊ नका. मी बी तशीच होते. दौंडला टेशनाजवळच्या हॉलात पुण्याची एक बाई येती, शिबिर घेती. तिनं सांगितलंय. कोबीचं पाणी."

"कोबीचं पाणी म्हंजी?"

"कोबी उकडायचा आन् त्याचं पाणी प्यायचं. सकाळी तेच, दुपारी तेच. दुपारी वाटलं तर एक फळ. रातीला उकडलेला कोबी. भाकरी बंद, भात बंद, डाळ बंद, तेल-तूप-दूध सगळं बंद."

"मग खायचं काय?"

"तेच तर हाय भाभी," राबिया समजावणीच्या सुरात म्हणाली, "खायचंच न्हाई."

राबियाच्या लेकीचं, आसमीनचं, लग्न दिवाळीनंतर ठरलेलं होतं. म्हणजे पुन्हा मांडव, पुन्हा पंगत, पुन्हा तो शूटिंगवाला. मोटरसायकलवर मागं बसून न्हावऱ्याला येईपर्यंत रशिदाबाईंनी मनाशी पक्कं करून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी घरात कोबी शिजला. नुसता उकडलेल्या कोबीचा वास कसा असतो, हे ज्याच्या घरात तो शिजलाय त्यालाच विचारावं. तो पडद्यात बसतो, उशीत बसतो, वाळत घातलेल्या कपड्यांत बसतो. त्यांचा मुलगा सोहेब रांजणगावच्या कंपनीत कामाला होता. तो शिफ्टवरून आला, दारातच थांबला आणि म्हणाला, "अम्मी, गॅस लीक होतोय का?"

इनुसभाईंचं फाट्यावर गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. माणूस थट्टेखोर, पण बायकोचा चेहरा पाहून थट्टा कुठं थांबवायची हे जाणणारा. कोबी आणायचं काम त्यांच्याकडे आलं. बाजारात भाजीवाल्यानं त्यांना विचारलं, "इनुसभाई, रोज एवढा कोबी नेताय, चायनीजची गाडी टाकली का काय?" इनुसभाई म्हणाले, "गाडीच टाकली म्हणा. सर्व्हिसिंग चालू हाय घरात."

पहिला आठवडा कसाबसा गेला. आठवड्यानंतर शिरूरला अंगणवाडीची मीटिंग होती. मीटिंग सुटल्यावर रशिदाबाई तडक एसटी स्टँडवर गेल्या. तिथं लाल-पिवळ्या दिव्यांचं वजनाचं मोठं मशीन होतं. त्या चप्पल काढून वर चढल्या, पर्स शेजारच्या बाईच्या हातात दिली आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या. खटकन चिठ्ठी बाहेर पडली. मागच्या वेळच्या चिठ्ठीपेक्षा वजन चक्क उतरलं होतं, आणि थोडंथोडकं नाही. चिठ्ठीच्या मागं हिंदीत भविष्य छापलेलं होतं, आपकी उन्नति निश्चित है.

घरी आल्यावर इनुसभाईंनी ते वाचलं आणि म्हणाले, "उन्नती वजनाची म्हणत असतील."

पण रशिदाबाई त्या दिवशी हवेत होत्या. आणि पुढच्या आठवड्यात तर गावच त्यांच्यामागं लागलं. पाण्याच्या टाकीजवळ, दुधाच्या डेअरीपाशी, पिठाच्या गिरणीत जो तो म्हणायचा, "बाई, बारीक झालात की." इतकी वर्षं त्यांनी पोरांना लसी टोचवून घेतल्या, गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या वाटल्या, कुणी कधी असं थांबून कौतुक केलं नव्हतं. कौतुकाची चव त्या कोबीच्या पाण्यापेक्षा कितीतरी बरी होती. बायका विचारायच्या आणि त्या सांगायच्या. किती कोबी, किती पाणी, मीठ टाकायचं की नाही. सांगताना त्यांचा आवाज थोडा दौंडच्या शिबिरातल्या बाईसारखा व्हायचा, जिला त्यांनी बघितलंही नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्या कुणाला सांगत नव्हत्या. अंगणवाडीत रोज खिचडी शिजायची. मदतनीस साखरबाई, पन्नाशीची दणकट बाई, पातेल्यावरचं झाकण काढायची आणि हळद-मुगाचा वाफाळता वास खोलीभर पसरायचा. पूर्वी त्या वासाकडे रशिदाबाईंचं लक्षही जात नसे. आता झाकण उघडलं की त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि डोळे आपोआप पोरांच्या ताटल्यांकडे वळायचे. एकदा म्हस्कू नावाचं एक पोरगं खाता खाता थांबलं. बाई आपल्या ताटलीकडे टक लावून बघतायत हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं मूठभर खिचडी उचलली आणि हात पुढं केला.

"बाई, तुमी बी खा."

"नको रे बाळा, मला भूक न्हाई," रशिदाबाई म्हणाल्या, आणि उठून अंगणात गेल्या. साखरबाईंनी त्यांना डोळे पुसताना बघितलं, पण धूर गेला असेल म्हणून सोडून दिलं.

हळूहळू दुसरी लक्षणं दिसायला लागली. सकाळी फणी फिरवली की केसांचा पुंजका हातात यायचा. भर उन्हात हातपाय गार पडायचे. खाली वाकून उठलं की डोळ्यांपुढं काजवे. आणि राग तर असा नाकावर, की विचारू नका. पोरं रोजच्यासारखी बडबडगीत म्हणत होती, त्यात एकजण बेसूर ओरडला, तर रशिदाबाई इतक्या जोरात खेकसल्या की अख्खी अंगणवाडी गप्प झाली. घरी सोहेबनं नुसतं "अम्मी, कालवण थोडं खारट झालंय" म्हटलं, तर त्यांनी पातेलं उचलून मोरीत ओतलं. इनुसभाईंनी तेव्हापासून गॅरेजमधून आल्यावर आधी खिडकीतून हवामान बघायचं आणि मग आत पाऊल टाकायचं असा नेम केला.

एक दिवस जेवताना ते हळूच म्हणाले, "रशिदा, वजन कमी झालं ते बरंय. पण तू बी कमी झालीस बघ. आधी तू हसायचीस."

"लग्नापर्यंतच हाय," रशिदाबाई म्हणाल्या. शिबिराच्या नियमानं आता फळांचा आठवडा होता. त्यांच्या पुढ्यात पपईच्या चार फोडी होत्या. त्या त्यांनी इतक्या सावकाश खाल्ल्या की इनुसभाईंना स्वतःची भाकरी गिळवेना.

या साऱ्यात पोरांची वजनं घ्यायचा दिवस आला. अंगणवाडीच्या तुळईला वजनकाटा टांगायचा, त्याच्या झोळीत लेकरू घालायचं, ते रडायचं, आई हसायची, आणि रशिदाबाई काट्यावरचा आकडा मोठ्यानं म्हणायच्या. भामाबाईची सून नकुशी आपली तान्ही पोरगी घेऊन आली. चार महिन्यांची पोर. जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती, दर महिन्याला काटा पुढं सरकत होता. आज रशिदाबाईंनी झोळी सोडली आणि काटा मागच्या महिन्याच्या आकड्याच्याही अलीकडे थांबला.

त्यांना वाटलं आपल्यालाच नीट दिसत नाहीये. हल्ली तसंही डोळ्यांपुढं अंधारी यायची. त्यांनी पोर उतरवली, पुन्हा घातली. काटा तिथंच.

"नकुशे, पाजतीस ना नीट?"

"पाजते की बाई," नकुशी खाली बघून म्हणाली. "पर ती रडत राहती. दूध पुरंना तिला."

"आन् तू खातीस काय?"

"खाते की." एवढंच बोलून तिनं पोर पदराखाली घेतली आणि घाईनं निघून गेली.

रशिदाबाईंना उत्तर ठाऊक होतं. इतक्या वर्षांत अशी प्रकरणं त्यांनी खूप पाहिली होती. पोरगी झाली म्हणून सुनेला पोटभर खायला घालायचं नाही, बाळंतिणीच्या वाट्याला उरलंसुरलं. भामाबाई तशी वाटत नव्हती, पण माणसाच्या घरात शिरून कोण बघतं. दुपारी अंगणवाडी सुटली तशा त्या साखरबाईंना घेऊन पाटाच्या कडेनं भामाबाईच्या वस्तीकडे निघाल्या. वाटेत दोनदा त्यांना साखरबाईंच्या खांद्याला धरून थांबावं लागलं. पण मनात भाषण तयार होत होतं. बाळंतिणीनं डाळ खाल्ली पाहिजे, पालेभाजी खाल्ली पाहिजे, दूध-तूप खाल्लं पाहिजे, ती खाईल तेव्हा लेकरू वाढेल. हे भाषण त्यांना झोपेतही म्हणता आलं असतं.

भामाबाई अंगणात बाजरी पाखडत होत्या. उंच, काटक बाई. रशिदाबाईंनी बसायच्याही आधी सुरुवात केली.

"भामाबाई, मला तुमच्याकडून हे वाटलं नव्हतं. पोरगी झाली म्हणून काय झालं? सुनेला उपाशी ठेवता व्हय?"

भामाबाईंनी सूप खाली ठेवलं.  मग त्या आत गेल्या आणि एक पितळी डबा घेऊन आल्या. झाकण उघडलं. डबा डिंकाच्या लाडवांनी काठोकाठ भरलेला.

"ह्ये बाळंतपणात केल्यालं. आधीचं समदं खाल्लं तिनं. ह्यो दुसरा डबा, ह्याला हात लावंना. रोज बाजरीची भाकर टाकते, मेथी करते, डाळीवर तुपाची धार सोडते. ताट तसंच परत येतं. मी म्हनलं, का गं, आजारी हायस का? तर म्हनती, न्हाई आत्या, बाईंनी सांगितलंय."

"कोणत्या बाईंनी?"

"तुमी," भामाबाई म्हणाल्या. "कोबीचं पानी पेती ती. दोन आठवडं झालं. मला वाटलं सरकारनं काय नवीन काढलंय."

साखरबाई पाखडलेल्या बाजरीकडे बघायला लागल्या. रशिदाबाई ओट्यावर टेकल्या. सगळं भाषण जिभेवर तसंच राहिलं. नकुशी दाराच्या आड उभी होती, पोर खांद्यावर, आणि पोर बारीक आवाजात कुरकुरत होती.

"इकडं ये गं," रशिदाबाई म्हणाल्या. "मी तुला कवा सांगितलं?"

"मला न्हाई सांगितलं बाई. गिरणीत बायकांना सांगत हुतात, तवा मी दळण घ्यून मागं हुते."  "बाळंतपणानंतर अंग सुटलंय माझं. हे म्हनतात, पोतं झालीस. लग्नातलं पोलकं घालून बघितलं तर दंडात अडाकलं. आन् तुमी यवढ्या झटक्यात बारीक झाला. मी म्हनलं, बाई लोकांच्या पोराबाळांचं समदं जाणतात. त्या करतात म्हंजी चांगलंच आसंल."

 पोतं हा शब्द ऐकून रशिदाबाईंना ती जांभळी साडी आठवली. ही पोरगी आणि आपण एकाच गोष्टीनं दुखावलो, आणि दोघींनी औषधही एकच शोधलं. फरक इतकाच, की हिच्या पदराखाली एक जीव होता.

"मी गिरणीत अर्धंच सांगितलं गं," त्या शेवटी म्हणाल्या. "केस गळतात ते सांगितलं न्हाई. उठता-बसता चक्कर येती ते सांगितलं न्हाई. पोरांवर खेकसते, रातीला झोप लागत न्हाई, पोट साफ होत न्हाई, काय काय सांगू? बारीक झाले तेवढंच सांगितलं. आन् तू अंगावर पाजणारी. तू न खाऊन कसं चालंल?"

"मग तुमी का करता?" नकुशीनं विचारलं. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

रशिदाबाईंनी भामाबाईंकडे पाहिलं. "भाकरी हाय का हो शिल्लक?"

भामाबाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा कुठं हसू आलं. "शिल्लक कशापायी? ताज्या टाकते की."

चूल पेटली. तव्यावर भाकरी पडली आणि तिचा खरपूस वास आला, तशा रशिदाबाई नकळत चुलीकडे सरकल्या आणि मग त्यांना लाजच वाटली. भामाबाईंनी दोन ताटं वाढली. गरम बाजरीची भाकरी, लसणाची फोडणी दिलेली मेथी, डाळीचं कालवण, कांदा, आणि ताटाच्या कडेला एकेक लाडू. रशिदाबाई आणि नकुशी समोरासमोर बसल्या. पहिला घास तोंडात घालताना नकुशी बाईंकडे बघत होती. बाईंनी घास घातला, मग तिनं घातला. नंतर मात्र दोघींपैकी कुणीच मान वर केली नाही. साखरबाई पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "सावकाश वो बाई, भाकर कुठं पळून जात न्हाई."

"तुम्ही का बसला? तुम्ही बी घ्या," भामाबाई म्हणाल्या.

"मी घरून जेवून आलेय," साखरबाई म्हणाल्या, आणि मग ताट वाढल्यावर न बोलता जेवल्या.

दुसऱ्या दिवशी रशिदाबाई नकुशीला आणि पोरीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पोर तपासली, दुसरा काही आजार नाही म्हणाल्या, नकुशीला पोटभर जेवायला, भरपूर पाणी प्यायला आणि पोरीला पुन्हा पुन्हा अंगावर घ्यायला सांगितलं. मग त्यांचं लक्ष रशिदाबाईंच्या पांढऱ्या पडलेल्या नखांकडे गेलं. "तुम्ही बसा आता इथं," त्या म्हणाल्या. रक्त कमी, रक्तदाब कमी. कारण कळल्यावर त्या रागावल्या नाहीत, फक्त कपाळाला हात लावला.

"अहो, पहिल्या आठवड्यात काट्यावर जे उतरतं ना, त्यात पाणीच जास्त. नंतर अंगातलं मांसही झिजतं. शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय, ते सगळं जपून खर्चायला लागतं. मग तुम्ही पुन्हा जेवायला लागलात की वजन परत येतं, कधी कधी आधीपेक्षा जास्त."

"मग वजन कमी करायचंच न्हाई का?" रशिदाबाईंनी विचारलं. त्यांना वजन खरंच कमी करायचं होतं. गुडघे दुखायचे, पायऱ्या चढताना धाप लागायची, ते काही खोटं नव्हतं.

"करा की. पण सगळं खाऊन करा. भाकरी खा, डाळ खा, भाजी खा. एक घास कमी घ्या, चहात साखर कमी टाका, तळलेलं रोज नको. आणि चाला. महिन्याला थोडं थोडं उतरेल, पण ते उतरलेलं टिकण्याची आशा जास्त." डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहीत म्हणाल्या, "आणि हे सगळं तुम्हीच बायकांना सांगत असता, नाही का?"

"व्हय," रशिदाबाई म्हणाल्या. "सांगतच असते."

आता खरं अवघड काम पुढं होतं. त्यांनी अंगणवाडीत बायकांची बैठक बोलावली. एरवी बैठकीला बायका येत नसत, निरोप द्यावे लागत. त्या दिवशी मात्र खोली भरून बायका बाहेर ओसरीवर बसल्या, कारण बाई बारीक व्हायचं शिकवणार अशी बातमी कुणीतरी उठवली होती. रशिदाबाई उभ्या राहिल्या आणि काही आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. कॅसेटपासून ते मोरीत ओतलेल्या कालवणापर्यंत. नकुशीचं नाव मात्र घेतलं नाही.

बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता खरं सांगा, कोबीचं पाणी कोण कोण पितंय?"

 कोपऱ्यातून रतनबाईंचा हात वर झाला. मग तिच्या जावेचा. मग ओसरीवरून दोन हात. मग एकमेकींकडे बघत बघत इतके हात वर झाले की साखरबाई म्हणाल्या, "तरीच बाजारात कोबी मिळंना झालाय." खोलीत जो हशा पिकला तो थांबेना. रतनबाई म्हणाली, तिच्या नवऱ्यानं तर वासाला कंटाळून बाज बाहेर काढली. दुसरी म्हणाली, ती दिवसभर पाणी प्यायची आणि सासू झोपली की शेंगदाणे-गूळ खायची, त्यामुळं उतरायचं सोडून वजन चढलंच.

"आन् साखरबाई, तुम्ही?" कुणीतरी विचारलं.

"मी केलं की. एक दिस केलं," साखरबाई म्हणाल्या. "दुपारपत्तुर. मग खिचडी उतरवायला गेले आन् इसरलेच."

यवतचं काम राहिलं होतं. राबियाला सांगायला पाहिजे होतं, आणि फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. लग्नाच्या तयारीला म्हणून रशिदाबाई एके दिवशी, आधी न कळवताच, यवतला गेल्या. दुपारची वेळ, घरात सामसूम. आसमीन पुढच्या खोलीत दुपट्ट्याला टिकल्या लावत होती.

"अम्मी कुठं?"

"कोठीच्या खोलीत. गहू बघती म्हणाली."

रशिदाबाईंनी कोठीच्या खोलीचं दार लोटलं. गव्हाच्या पोत्यावर राबिया बसली होती. मांडीवर लग्नासाठी करून ठेवलेल्या बालुशाहीचा डबा, दोन्ही गाल फुगलेले.  राबियाला गिळताही येईना आणि बोलताही येईना.

रशिदाबाईंनी दार आतून लावून घेतलं आणि शेजारच्या पोत्यावर बसल्या. "गहू कसा हाय?" त्यांनी विचारलं.

राबियाला हसू आलं, आणि बालुशाहीचा भुगा सगळीकडे उडाला. हसता हसता ती रडायलाच लागली. जवळून बघताना रशिदाबाईंना दिसलं, तिच्या बांगड्या आता मनगटावरच घट्ट बसल्या होत्या.

"सगळं परत आलं भाभी. वर जास्तीचं आलं. त्या दौंडच्या बाईला विचारलं तर म्हणती, तुम्हीच पथ्य मोडलं असंल, परत शिबिराला या. दिवसभर उपाशी राहते. आन् एकदा दार बंद केलं की मग मला थांबताच येत न्हाई. कुणाला सांगू? तुम्हाला मीच भरीला घातलं होतं."

"मला बी असंच व्हायला लागलं होतं," रशिदाबाई म्हणाल्या. "पोरांच्या ताटल्या बघत बसायचे गं मी. अंगणवाडीच्या पोरांच्या."

त्या दिवशी दोघी नणंद-भावजया गव्हाच्या पोत्यांवर बसून खूप बोलल्या. इतकी वर्षं सणावाराला भेटत होत्या, पण वाढणं, आवरणं आणि मानपान यापलीकडे कधी बोलणं झालं नव्हतं. निघायच्या आधी रशिदाबाईंनी राबियाला स्वयंपाकघरात नेलं, आसमीनलाही बोलावलं आणि तिघींनी ताटात वाढून घेऊन, खाली बसून, वरण-भात आणि वांग्याची भाजी खाल्ली. "असं बसून खाल्लं की कोठीत जावं लागत न्हाई," रशिदाबाई म्हणाल्या. राबियानं दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं.

लग्न झकास झालं. रशिदाबाईंच्या ब्लाऊजची शिवण थोडी उसवावी लागली, ती त्यांनी उसवली. पंगतीत वाढताना शूटिंगवाला कुठं उभा आहे हे बघायचं त्यांच्या ध्यानातही राहिलं नाही, कारण बिर्याणीची पातेली कमी पडतात की काय या काळजीत त्या होत्या.

न्हावऱ्यात नकुशीच्या पोरीनं पुढच्या वजनाला काटा चांगला पुढं ढकलला आणि झोळीत असताना इतक्या जोरात लाथा झाडल्या की साखरबाईंना दोन्ही हातांनी काटा धरावा लागला. भीमाला, म्हणजे नकुशीच्या नवऱ्याला, भामाबाईंनी पोतं या शब्दावरून काय ऐकवलं ते घराबाहेर आलं नाही. पण त्यानं शिरूरहून बायकोसाठी नव्या मापाच्या पोलक्याचं कापड आणलं, एवढं गावानं पाहिलं.

थंडी पडायला लागली तशा रशिदाबाई सकाळी पाटाच्या कडेनं चालायला निघू लागल्या. पहिल्यांदा एकट्याच होत्या. मग साखरबाई आल्या, मग रतनबाई आणि तिची जाऊ. नकुशी पोरगी सासूकडे ठेवून यायची. उसाच्या बांधानं, दव पडलेल्या गवतातून या बायका पदर खोचून झपाझप चालायच्या आणि त्याहून झपाझप बोलायच्या. कुणाचं किती उतरलं हे त्या विचारत नसत. रशिदाबाईंचे गुडघे आता कमी कुरकुरत होते, केस गळायचे हळूहळू थांबले होते, आणि घरात इनुसभाई पुन्हा बेधडक दारातून आत येत होते.

एक दिवस रतनबाई चालता चालता म्हणाली, "बाई, माझी बहीण नगरला असती. ती म्हनती, तिकडं आता नवीन निघालंय. नुसत्या काकड्या खायच्या."

सगळ्या चालता चालता थांबल्या आणि रशिदाबाईंकडे बघायला लागल्या.

"काकडी चांगली असती," रशिदाबाई म्हणाल्या. "भाकरीसंगं."

आणि त्या पुढं चालायला लागल्या.